आईला ऐकायचा होता घाट

आमच्या डोंबिवलीच्या घरात २०२२ च्या दिवाळीत होम थिएटर आले. पाच लहान स्पीकर, ठोकळ्यासारखा एक सबवूफर आणि या सर्वांना आवाज वाटून देणारा रिसीव्हर. ह्यांची ती बऱ्याच वर्षांची हौस होती. पहिल्याच रात्री एका इंग्रजी चित्रपटात पाऊस सुरू झाला आणि सोफ्यावर बसलेली माझी आई दचकून म्हणाली, "अगं, मागची खिडकी लाव, गादी भिजेल."

मागे खिडकी नव्हतीच. मागे भिंत होती आणि भिंतीवर स्पीकर होता.

आईला दिसत नाही. काचबिंदूने तिची दृष्टी हळूहळू गेली आणि या आजारात गेलेली नजर परत येत नाही. तेव्हापासून तिच्यासाठी टीव्ही म्हणजे ऐकायची वस्तू. माझा मुलगा खिडकीच्या गोष्टीवर पोट धरून हसला. आई मात्र हसली नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, "याच्यातून काशीचा घाट ऐकू येईल का गं?"

तिला असे का वाटले, ते मला ठाऊक होते. निवृत्तीनंतर आईला काशीला न्यायचे, असे बाबांनी ठरवले होते. ते राहून गेले. २०११ मध्ये बाबा गेले तेव्हा आईच्या डोळ्याचे ऑपरेशन नुकतेच झाले होते. डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटले, म्हणून दादा एकटाच अस्थी घेऊन गेला. परत आल्यावर त्याने एवढेच सांगितले, "अहिल्याबाई घाटावरून नाव केली, मधल्या प्रवाहात सोडल्या." आईने पुढे काही विचारले नाही. आता गुडघे आणि हृदय दोन्ही तिला इतका लांबचा प्रवास करू देत नाहीत.

२०२३ च्या कार्तिकात कामानिमित्त वाराणसीला जायचे ठरले, तेव्हा मी मनाशी एक काम जास्तीचे घेतले. घाटाचा खराखुरा, चारी बाजूंनी येणारा आवाज असलेली एखादी डिस्क शोधायची आणि आईला द्यायची.

डोळे मिटून पाहिलेली पहाट

महानगरी एक्सप्रेसने वाराणसीला उतरले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. गंगा इथे उत्तरेकडे वाहते आणि घाट पूर्वेला तोंड करून आहेत. त्यामुळे पायरीवर बसले की समोर नदी, नदीपलीकडे वाळूचा मोकळा पट्टा आणि त्यावरून वर येणारा सूर्य. पण मी त्या दिवशी सूर्य पाहायला गेले नव्हते. आईसारखे ऐकायचे, म्हणून मी डोळे मिटले.

पहिली दोन मिनिटे नुसता गलका वाटला. मग आवाज आपापल्या जागी बसू लागले. अगदी समोर, खाली, पाणी दगडाला लागत होते आणि बांधलेल्या नावा एकमेकींवर हलकेच आपटत होत्या. डावीकडे शीतला घाट आणि त्याला लागून दशाश्वमेध. तिकडून घंटा आणि माणसांचा कलकलाट येत होता. उजवीकडे मुंशी घाट, दरभंगा घाट. त्या बाजूला कोणीतरी दगडावर कपडे आपटत होते. पाठीमागे होळकरांच्या वाड्याची उंच भिंत. समोरचा प्रत्येक आवाज तिला लागून किंचित उशिरा परत येत होता आणि त्या भिंतीच्या कोनाड्यांतून पारवे फडफडत होते. आणि प्रवाहातून एखादी मोटरबोट गेली की तिची धडधड कानांआधी पायरीच्या दगडातून जाणवत होती.

ह्यांनी घरी स्पीकर लावताना कंपासपेटीतला कोनमापक घेऊन जी खटपट केली होती, ती मला इथे समजली. मधला स्पीकर बरोबर समोर. डावा आणि उजवा, ऐकणाऱ्यापासून साधारण ३० अंशांवर. मागचे दोन साधारण ११० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे. असे हे पाच. आणि सबवूफर म्हणजे 'पॉइंट वन', १२० हर्ट्झच्या खालचा घुमारा सांभाळणारा. त्यालाच 'फाइव्ह पॉइंट वन' म्हणतात. मधल्या स्पीकरवर पाणी, डाव्यावर घंटा, उजव्यावर कपड्यांचे आपटणे, मागच्यांवर पारवे आणि सबवूफरमध्ये मोटरबोट. घाट माझ्यापुढे जणू वायरिंग करून ठेवला होता.

चौंडीच्या लेकीचा घाट

या घाटाला पूर्वी केवलगिरी घाट म्हणत. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी तो दगडी बांधून घेतला आणि त्यांचेच नाव त्याला कायमचे चिकटले. आजही वाड्याच्या भिंतीवर ते मोठ्या देवनागरी अक्षरांत रंगवलेले दिसते.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा, चौंडीचा. म्हणजे आपल्या जामखेड तालुक्यातला. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात मारले गेले, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये वारले आणि पुढे मुलगाही गेला. अशी एकामागून एक माणसे गेल्यावर या बाईंनी महेश्वरला राहून राज्य सांभाळले आणि देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा, देवळे बांधली. काशी विश्वनाथाचे आजचे मंदिर त्यांनीच १७८० मध्ये उभारले. मणिकर्णिका घाटाच्या कामातही त्यांचा हात आहे. २०२१ मध्ये खुल्या झालेल्या विश्वनाथ धामात त्यांचा पुतळा आहे. मराठी प्रवासी तिथे हमखास थांबतात.

काशीत मराठी माणसाला परके वाटत नाही, ते याचमुळे. भोसले घाट आहे, सिंधिया घाट आहे. दुर्गा घाट, ब्रह्मा घाटाच्या गल्ल्यांत पिढ्यान् पिढ्या राहिलेली मराठी घराणी आहेत. त्या बाजूला फिरताना एका दारातून "चहा टाकू का?" असे शुद्ध मराठी ऐकू आले आणि मी क्षणभर उभीच राहिले.

संध्याकाळी सगळ्या बाजूंनी एकच आवाज

संध्याकाळी दशाश्वमेध घाटाची प्रसिद्ध गंगा आरती ऐकायला मी पुन्हा तिथेच बसले. मोठमोठे दिवे, एका लयीत हलणारे हात, शंख, डमरू. पाहायला ते दृश्य देखणे आहे, यात शंका नाही. पण डोळे मिटले आणि माझी निराशा झाली. डावीकडून तेच गाणे, उजवीकडून तेच गाणे, मागच्या खांबावरच्या कर्ण्यातूनही तेच. जवळ काय, लांब काय, काही कळेना. सकाळी ज्या घाटाला दिशा होत्या, त्याच्या दिशा ध्वनिक्षेपकांनी पुसून टाकल्या होत्या.

सराउंड साउंडबद्दल घरोघरी असलेला गैरसमज हाच. चार बाजूंना स्पीकर टांगले म्हणजे सराउंड झाले, असे नाही. प्रत्येक स्पीकरला त्याचा स्वतःचा वेगळा आवाज मिळाला पाहिजे आणि तो डिस्कवर आधी नोंदलेला असला पाहिजे. नाहीतर आपल्या दिवाणखान्यात नुसती आरतीची कर्णी.

गोदौलिया ते दालमंडी

डिस्कचा शोध गोदौलियापासून सुरू केला. दोन दुकानांत पेनड्राइव्ह दाखवले, तिसऱ्यात भजनांच्या जुन्या सीडी. कोणीतरी दालमंडीत जायला सांगितले. दालमंडी ही एकेकाळी गाणाऱ्या बायकांच्या कोठ्यांची गल्ली. ठुमरी-दादऱ्याच्या इतिहासात तिचे नाव आहे आणि उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचे घरही त्याच परिसरातले. पुढे तिथे कापड, खेळणी, कॅसेट, मोबाइल असा दाटीवाटीचा बाजार झाला.

तिथल्या एका वयस्कर दुकानदाराने माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "दीदी, डिस्क विकणे मी सोडले त्याला सहा-सात वर्षे झाली. आता लोक चित्रपट फोनवर बघतात." तरी ते शिडीवर चढले आणि वरच्या फळीवरून धुळीने माखलेला खोका काढला. त्यात काशीदर्शनाच्या दोन व्हीसीडी निघाल्या. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत 'डिजिटल सराउंड' छापले होते. मी हरखले. पण व्हीसीडीत आवाजाचे दोनच मार्ग असतात, डावा आणि उजवा. तिथे पाच स्पीकरांचा आवाज मावतच नाही. मी तसे म्हटल्यावर ते हसले, "छापायला काय जाते!" आणि पैसे न घेता एक डिस्क हातात ठेवली.

आपल्याकडेही वेगळी स्थिती नाही. मुंबईच्या काळा घोड्याचे ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झाले. अमेरिकेत नेटफ्लिक्सने टपालाने डीव्हीडी पाठवणे २०२३ मध्ये थांबवले. २००७ च्या सुमारास मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी आणली, तेव्हा किराणा दुकानातही चित्रपट मिळत. आज चांगली डिस्क हवी तर ती मागवावी लागते.

वेष्टनाची मागची बाजू वाचा

परत आल्यावर ह्यांच्याकडून आणि त्यांच्या मित्रांकडून मी जे शिकले, ते माझ्यासारख्या गृहिणींनाही उपयोगी पडेल म्हणून सांगते.

डिस्कच्या पुढच्या चित्रावर जाऊ नका, मागची बारीक अक्षरे वाचा. '२.०' लिहिले असेल तर आवाज दोन मार्गांचा. '५.१' असेल तर पाच स्पीकर आणि सबवूफरचा. डीव्हीडीवर बहुधा डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस असते. हे दोन्ही प्रकार चित्रपटगृहांतून घरात आले. डॉल्बी डिजिटल १९९२ च्या 'बॅटमन रिटर्न्स'पासून आणि डीटीएस १९९३ च्या 'जुरासिक पार्क'पासून. दोन्हींत जागा वाचवण्यासाठी आवाजाचा काही भाग गाळलेला असतो. २००६ मध्ये आलेल्या ब्लू-रे डिस्कवर मात्र डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ असू शकते. त्यात मूळ ध्वनिमुद्रणातले काहीच गाळलेले नसते. इंटरनेटवरून येणाऱ्या चित्रपटांवर डॉल्बी अॅटमॉस लिहिलेले असले, तरी तो आवाज दाबून लहान केलेला असतो. डिस्कची हौस अजून टिकून आहे ती यासाठी.

अॅटमॉस २०१२ च्या 'ब्रेव्ह' या चित्रपटापासून आले. त्यात आवाज डोक्यावरूनही येतो. छताला किंवा छताकडे तोंड करून स्पीकर लावायची तयारी नसेल, तर त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. आमच्या दहा बाय चौदाच्या खोलीत ५.१ पुरेसे आहे.

परदेशातून डिस्क मागवताना प्रदेश क्रमांक पाहा. डीव्हीडीसाठी भारत पाचव्या प्रदेशात आणि अमेरिका पहिल्या. ब्लू-रेसाठी भारत 'सी' आणि अमेरिका 'ए'. क्रमांक जुळला नाही तर आपला प्लेअर डिस्क नाकारू शकतो. प्रदेशाचे बंधन नसलेल्या डिस्कही मिळतात, चौकशी करून घ्या.

आणि शेवटचे म्हणजे वायर आणि सेटिंग. या बाबतीत आम्ही स्वतः फसलो, ते पुढे सांगते.

'बराका' आणि 'अपराजितो'

चौकशीत एक नाव पुन्हा पुन्हा येत राहिले. 'बराका'. रॉन फ्रिक यांचा हा १९९२ चा चित्रपट २४ देशांत चित्रित झाला. त्यात संवाद नाहीत, निवेदन नाही. नेहमीच्या दुप्पट रुंदीच्या फिल्मवर टिपलेली दृश्ये, संगीत आणि आवाज, एवढेच. त्यात काशीचे घाट आहेत. २००८ मध्ये ही फिल्म अतिशय बारकाईने, ज्याला आठ-के म्हणतात त्या पद्धतीने स्कॅन करून ब्लू-रेवर आणली आणि तिचा डीटीएस-एचडी आवाज ऐकणारे कानाला हात लावून वाखाणतात. न्यू जर्सीच्या माझ्या मावसबहिणीने येताना ती डिस्क आणली.

आईला आम्ही बरोबर मधल्या खुर्चीवर बसवले. डिस्क सुरू झाली आणि मागचे स्पीकर गप्प! ह्यांचा चेहरा उतरला. अर्ध्या तासाने कारण सापडले. प्लेअरच्या आवाजाचे सेटिंग 'पीसीएम'वर होते आणि जोडणी ऑप्टिकल वायरने केली होती. तेवढ्याने सगळा आवाज दोन मार्गांत कोंबला जात होता. एचडीएमआय वायर लावली, सेटिंग 'बिटस्ट्रीम' केले आणि खोली भरून गेली. ऑप्टिकल वायरीतून डॉल्बी डिजिटल आणि साधे डीटीएस ५.१ जाऊ शकते, पण ब्लू-रेचा न गाळलेला आवाज तिच्यातून जात नाही, हे लक्षात ठेवा.

काशीचे दृश्य आले तेव्हा मी आईच्या कानात सांगितले, "हा घाट." आई शांतपणे ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "वाद्यं फार छान होती. पण घाट मला सापडला नाही गं. माणसं कुठे होती?"

ती बरोबर होती. त्या डिस्कचे मोठेपण डोळ्यांसाठी अधिक आहे आणि कानांना तिथे संगीत भेटते.

मग सत्यजित राय यांचा 'अपराजितो' लावला. १९५६ चा हा चित्रपट, १९५७ मध्ये व्हेनिसला त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. लहानगा अपू आणि त्याचे आईवडील काशीच्या घाटांवर येऊन राहतात आणि तिथेच वडिलांचा शेवट होतो. १९९३ मध्ये लंडनला लागलेल्या आगीत या चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या होत्या. त्यांतले वाचले ते तुकडे दुरुस्त करून २०१५ मध्ये ती ब्लू-रेवर आली. आवाज मात्र मूळचाच, एकाच मार्गाचा. तो फक्त मधल्या स्पीकरमधून येतो आणि तसाच ऐकावा. मुलाने सगळे स्पीकर चालू करण्याचे बटण दाबले होते, ते मी बंद केले.

वडील प्राण सोडतात त्या क्षणी घाटावरचे पारवे एकदम उडतात. आईला बंगाली कळत नाही. पडद्यावर काय चालले आहे, ते मी सांगितले नव्हते. पंखांचा आवाज झाला आणि तिने माझा हात धरला. "गेला ना तो?" एवढेच तिने विचारले. पुढचा चित्रपट तिने बंद करायला सांगितला.

ती रात्र मला नीट झोप लागली नाही. आईने घाट मागितला होता आणि मी तिला मरण ऐकवले होते.

नाव

माझ्या पर्समध्ये कार्यालयाने मुलाखतींसाठी दिलेला मुठीएवढा रेकॉर्डर असतो. त्याला दोन मायक्रोफोन आहेत, डावा आणि उजवा. वाराणसीतल्या शेवटच्या पहाटे मी अहिल्याबाई घाटावरून वल्ह्यांची नाव ठरवली होती. भाडे आधीच बोलून घेतले होते, तुम्हीही घ्या. वारा घोंगावू नये म्हणून रेकॉर्डरवर सुती रुमाल गुंडाळला, घाटाकडे तोंड करून बसले आणि नाव सुटल्यापासून परत लागेपर्यंत तो चालू ठेवला. डिस्क मिळणार म्हणून ते ध्वनिमुद्रण मी नंतर ऐकलेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांनी तो रेकॉर्डर रिसीव्हरला जोडला. दोन मार्गांचा आवाज पाचांत वाटून देण्याची सोय बऱ्याच रिसीव्हरमध्ये असते. कुठे तिला प्रो लॉजिक म्हणतात, कुठे डॉल्बी सराउंड. समोरचे स्पष्ट आवाज ती पुढे ठेवते आणि आजूबाजूचा पसरलेला गुंजारव मागे पाठवते. खऱ्या ५.१ ची सर तिला नाही, पण घरच्या ध्वनिमुद्रणासाठी ती वापरून पाहण्यासारखी आहे.

नावेची साखळी दगडावर घासत सुटली. आई खुर्चीत सरळ बसली. घाटावर कोणी तरी कोणाला हाक मारली, घंटा वाजली, कपडे आपटल्याचा आवाज आला. मग वल्ही सुरू झाली. एक लाकडी करकर, मग पाणी. करकर, पाणी. घंटा बारीक होत गेल्या.

"घाट लांब गेला," आई म्हणाली.

मी काही बोलले नाही. पाच-सहा मिनिटांनी वल्ही थांबली. आता फक्त नावेच्या फळ्यांखालचे पाणी ऐकू येत होते. आणि मग नावाड्याचा आवाज आला. मी त्याला काही विचारले होते, हेही मी विसरून गेले होते. तो हिंदीत सांगत होता की, तुमच्याकडचे लोक येतात, ते बहुतेक अस्थी इथेच सोडतात. इथे धार चांगली आहे.

आईने हात पुढे केला, जणू समोर नावेची कड आहे.

"इथे?"

"हो, आई."

पारवे नव्हते, आरती नव्हती. नाव परत फिरली, घंटा पुन्हा मोठ्या झाल्या, साखळी दगडाला लागली आणि रेकॉर्डर बंद झाला. मुलगा दारात उभा होता. तोही हसला नाही.

बऱ्याच वेळाने आईने डोळे पदराला पुसले आणि म्हणाली, "पुन्हा एकदा लाव. पण त्या मधल्या स्पीकरचा आवाज थोडा कमी कर. नावाडी फार जवळ बसलाय."